वीस वर्षांचा आजार, पाच वर्षांची पीएचडी

या विषयात येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे सगळ्यांत आधी एक साधा हिशोब मांडायला हवा. अल्झायमरच्या आजारात अमायलॉइड नावाचं प्रथिन मेंदूत साचायला लागतं, तेव्हापासून ‘आबा हल्ली फारच विसरायला लागलेत’ असं घरच्यांनी म्हणेपर्यंत 15 ते 20 वर्षं निघून गेलेली असतात. त्यानंतरही आजार कित्येक वर्षं चालतो. आता दुसरी बाजू बघा. पीएचडी पाचेक वर्षांत आटोपायची असते. सरकारी प्रकल्पाला पैसे मिळतात ते बहुधा तीन वर्षांचे. पोस्टडॉकची नेमणूक दोन-तीन वर्षांची, तीही मुदतवाढीच्या कागदावर टिकलेली. आज ज्या माणसाच्या मेंदूत पहिला डाग पडतोय त्याचं पुढं काय झालं हे कळेपर्यंत, पंचविशीत कामाला लागलेली मुलगी पन्नाशीच्या घरात पोचलेली असेल. तिचे मार्गदर्शक तर केव्हाच निवृत्त झालेले असतील.

त्यामुळे स्मृतिभ्रंश, पार्किन्सन आणि मेंदू झिजवणाऱ्या त्यांच्या भाऊबंद आजारांच्या अभ्यासात नवे संशोधक तयार करणं हे फावल्या वेळचं काम नाही. ते झालं नाही तर संशोधनच अर्धवट राहतं. एकाने सुरू केलेली नोंदवही दुसऱ्याने चालवायची, तिसऱ्याने पूर्ण करायची, आणि पहिल्याने काय लिहिलंय ते तिसऱ्याला नीट लागलं पाहिजे. गेल्या सव्वाशे वर्षांत जिथं ही साखळी टिकली तिथंच या विषयातलं ज्ञान पुढं सरकलं, असं मला वाटतं. तिची पहिली कडी जर्मनीत आहे.

25 नोव्हेंबर 1901 रोजी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिच्यासमोर कागद घेऊन बसले. नाव विचारलं, तिनं ऑगुस्टे सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तरी ऑगुस्टेच. दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होती. काय खाताय म्हटल्यावर तिनं पालक असं उत्तर दिलं. अल्झायमरनी आपला प्रश्न आणि तिचं उत्तर दोन्ही जसंच्या तसं उतरवून घेतलं, चुकलेली उत्तरं सुधारली नाहीत की त्यांचा गोषवारा केला नाही. पुढं ते कामानिमित्त म्युनिकला गेले, पण या बाईची चौकशी त्यांनी सोडली नाही. एप्रिल 1906 मध्ये ती वारली तेव्हा तिचे कागद आणि तिचा मेंदू त्यांनी म्युनिकला मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या पातळ कापांमध्ये त्यांना पेशींच्या आत गुंतलेले धागे आणि पेशींच्या बाहेर साचलेले गोळे दिसले. त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा सभागृहातून एकही प्रश्न आला नाही.

ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत इथंच थांबते. मला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्या रुग्णालयात अल्झायमर सूक्ष्मदर्शकांची एक मोठी खोली चालवत होते. सुरुवातीला त्यांना पगार नव्हता. दिवंगत पत्नीकडून आलेल्या संपत्तीवर त्यांचं भागत होतं. त्या खोलीत इटली, स्पेन, अमेरिका अशा ठिकठिकाणांहून तरुण डॉक्टर शिकायला येत. शिष्यांनी सांगितलेली एक आठवण आहे. अल्झायमर एकेका टेबलाशी जाऊन बसत, पेटलेली सिगार बाजूला ठेवत, शिकाऊ डॉक्टरच्या सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बराच वेळ समजावत, आणि सिगार तिथंच विसरून पुढच्या टेबलाकडं जात. संध्याकाळी प्रत्येक टेबलावर एक अर्धी सिगार पडलेली असे. मेंदूचा काप वाचायला शिकवायचा तर दुसरा मार्ग नव्हताच. कुठला डाग आजाराचा, कुठला रंगकामात झालेल्या गफलतीचा आणि कुठला नुसता म्हातारपणाचा, हे पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही. जाणत्या माणसानं शेजारी बसून एकाच डागाकडं दोघांनी पाहावं लागतं. आजही ते तसंच शिकवलं जातं.

त्या खोलीतून कोण कोण बाहेर पडलं पाहा. गाएतानो पेरुझिनी या इटालियन तरुणानं 1909 मध्ये ऑगुस्टेसह चार रुग्णांचा सविस्तर अभ्यास छापला. एका रुग्णावरचं निरीक्षण आणि एक वेगळा आजार यांमधलं अंतर त्यानं बरंच भरून काढलं. लायबेरियात जन्मलेले आणि बोस्टनमध्ये शिकलेले कृष्णवर्णीय डॉक्टर सॉलोमन कार्टर फुलर 1904 मध्ये तिथं आले, आणि परतल्यावर त्यांनीच अल्झायमरचा पहिला रुग्ण इंग्रजीतून मांडला. आल्फोन्स याकोब याच खोलीत शिकले. क्रॉइट्सफेल्ट-याकोब या जीवघेण्या मेंदूविकाराच्या नावात ते आहेत. फ्रिडरिश लेवी इथलेच. पार्किन्सनच्या रुग्णांच्या पेशींमध्ये त्यांना जे गोल कण दिसले, ते आज त्यांच्या नावानं ओळखले जातात. 1910 मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात ‘अल्झायमरचा आजार’ हे नाव घातलं. 1915 मध्ये अल्झायमर आणि पेरुझिनी दोघंही गेले, पेरुझिनी पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर. साखळी मात्र तुटली नाही.

ऑगुस्टेचे ते कागद मध्ये हरवले होते. 1995 मध्ये फ्रँकफुर्टच्या संग्रहात निळ्या पुठ्ठ्याच्या फायलीत 32 पानं सापडली. नंतर म्युनिकमध्ये तिच्या मेंदूचे जुने काप मिळाले. रुग्णासमोर बसून घेतलेली टिपणं आणि काचेवरचा काप अशा दोन्ही गोष्टी जपलेल्या होत्या, म्हणूनच शंभर वर्षांनंतर ते निदान पुन्हा तपासता आलं.

लेवींच्या कणांना त्यांचं नाव दिलं ते कॉन्स्टान्टिन ट्रेटियाकॉफ या विद्यार्थ्यानं. 1919 मध्ये पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात त्यानं पार्किन्सनच्या रुग्णांच्या मध्यमेंदूतला सब्स्टॅन्शिया नायग्रा हा काळा पट्टा तपासला आणि तिथल्या पेशी मरतात हे दाखवलं. डॉक्टरीच्या प्रबंधानं एका आजाराचं मूळ ठिकाण दाखवून द्यावं, ही तरुणांना मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट आहे. जुन्या मंडळींनी त्यावर बराच काळ विश्वास ठेवला नाही, हेही सांगावं.

तो काळा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत 1995 पासून मेंदूपेढी आहे, म्हणजे मृत्यूनंतर दान मिळालेले मेंदू जपून ठेवण्याची सोय. अशा पेढीत शिकाऊ संशोधकाला पहिल्यांदा हाताळायला मिळतो तो फॉर्मलिनमध्ये काही आठवडे मुरून घट्ट झालेला अर्धा मेंदू. उरलेला अर्धा बहुधा रसायनशास्त्राच्या तपासण्यांसाठी उणे 80 अंशांवर गोठवून ठेवतात. मेंदूच्या देठाचा आडवा काप ट्रेमध्ये ठेवला की निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना काजळाच्या रेघेसारखे पट्टे उठून दिसतात. पार्किन्सनच्या मेंदूत तीच जागा फिकट, जवळजवळ पुसलेली असते. अल्झायमरचा मेंदू हातात घेतानाच हलका लागतो, वळ्यांमधल्या फटी रुंदावलेल्या दिसतात, आणि स्मृतीचं काम करणारा हिपोकॅम्पस आक्रसलेला असतो. आणि तिथं आणखी एक गोष्ट कळते, जी पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणवार मांडणीमुळं झाकली जाते: ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या मेंदूत एकच आजार क्वचित असतो. अमायलॉइडचे डाग, बारीक रक्तवाहिन्या तुंबल्याच्या खुणा, लेवीचे कण, सगळं एकत्र नांदत असतं.

अशा पेढीचं सगळ्यांत अवघड काम सुरीचं नाहीच. माणूस नुकताच गेलेला असतो, नातेवाइकांना तिरडीची घाई असते, कोणी गावाहून यायचं असतं, आणि त्या वेळी मेंदू देता का असं विचारायचं असतं. उशीर झाला तर ऊतकांची अवस्था बिघडते, म्हणून थांबताही येत नाही. हे विचारणाऱ्या माणसानं आधीच्या वर्षांत त्या घरी चहा घेतलेला असेल, रुग्णाची चाचणी स्वतः घेतलेली असेल, तर उत्तर वेगळं येतं. अनोळखी माणसानं फॉर्म पुढं केला तर घरचे तोंड फिरवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. संमती कशी मागायची हे शिकवणारा तास आपल्या बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत नाही, तो असायला हवा.

प्रयोगशाळेतल्या मुलांना मात्र रुग्ण दिसतच नाही अशी वेळ गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आली. 1991 मध्ये लंडनमध्ये जॉन हार्डी आणि ॲलिसन गोट यांच्या गटानं अमायलॉइडच्या जनुकातला एक बिघाड एका कुटुंबात शोधला. 1995 मध्ये तसा मानवी बिघाड घातलेला उंदीर तयार झाला आणि त्याच्या मेंदूत डाग पडायला लागले. मोठी सोय झाली: उंदराचं म्हातारपण दोन वर्षांत येतं आणि ते पीएचडीत बसतं! पण त्या उंदरांच्या मेंदूत पेशी माणसासारख्या मोठ्या प्रमाणावर मरत नव्हत्या, धाग्यांचे गुंते होत नव्हते. 1999 मध्ये एका लसीनं उंदरांचे डाग साफ केले. तीच लस माणसांना दिली तेव्हा सुमारे 6 टक्के लोकांच्या मेंदूला सूज आली आणि 2002 मध्ये चाचणी थांबवावी लागली. उंदरावर काम करू नये असं मी म्हणत नाही. त्यावाचून पुढची औषधंही आली नसती. लेकानेमॅब हे औषध त्याच वाटेनं आलं. 1795 रुग्णांच्या चाचणीत 18 महिन्यांत त्यानं घसरणीचा वेग सुमारे 27 टक्क्यांनी कमी केला आणि 2023 मध्ये त्याला अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. पण उंदीर नेमकं काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हे रुग्ण पाहिलेल्या विद्यार्थ्याला लवकर उमगतं. दर आठवड्याला एक सकाळ स्मृतिविकारांच्या ओपीडीत बसणं हे उंदीरवाल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी सक्तीचं असावं.

संशय घ्यायला शिकवणं हा त्याच शिक्षणाचा दुसरा भाग. 2006 मध्ये ‘नेचर’मध्ये एक लेख आला. अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपामुळं स्मृती जाते असं त्यात उंदरांवरून दाखवलं होतं. पुढच्या संशोधकांनी तो हजारो वेळा आधाराला घेतला. काही अनुभवी प्रयोगशाळांना तो पदार्थ सापडत नव्हता. पण न जमलेला प्रयोग कोण छापतो? 2022 मध्ये मॅथ्यू श्रॅग या तरुण मेंदूविकारतज्ज्ञानं त्यातल्या चित्रांवर बोट ठेवल्याचं ‘सायन्स’नं प्रसिद्ध केलं. प्रथिनांचे पट्टे दाखवणाऱ्या त्या चित्रांत जोडकाम आणि खाडाखोड दिसत होती. जून 2024 मध्ये लेख मागं घेतला गेला. अमायलॉइडचा सगळा सिद्धांत त्यामुळं कोसळत नाही, कारण त्याला जनुकांचा स्वतंत्र आधार आहे. पण या 18 वर्षांत कितीतरी विद्यार्थ्यांनी त्या पायावर आपले प्रस्ताव लिहिले, त्याचं मला फार वाईट वाटतं. ज्या मार्गदर्शकाच्या खोलीत ‘सर, हे जमत नाहीये’ असं मोकळेपणानं म्हणता येतं, तीच प्रयोगशाळा विद्यार्थ्यानं निवडावी.

आता कोलंबिया. या विषयातली शिकवण्याची सर्वांत मोठी शाळा माझ्या मते तिथं आहे, अँटिओकिया प्रांताच्या डोंगरांत.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मेडेजीन शहरात फ्रान्सिस्को लोपेरा हे मेंदूविकाराचं प्रशिक्षण घेत होते. बेल्मिरा या डोंगराळ गावातला 47 वर्षांचा एक शेतकरी त्यांच्यासमोर आला. त्याची स्मृती गेली होती. त्याच्या वडिलांना आणि घरातल्या इतरांनाही असंच झालं होतं. शिकाऊ डॉक्टरनं सहसा रुग्ण लिहून काढून पुढच्याला बोलावलं असतं. लोपेरा गावी गेले. तिथं लोक या आजाराला झाडाला हात लावल्याचा किंवा कुणाच्या शापाचा परिणाम मानत होते. लोपेरा आणि लुसिया माद्रिगाल या परिचारिका घरोघर जाऊन वंशावळी जमवू लागले. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि मृत्यूच्या नोंदी धुंडाळत ते अनेक पिढ्या मागं गेले, आणि वेगवेगळ्या गावांतली घराणी एकाच मुळाशी जुळायला लागली. तो काळ कोलंबियात गनिमांचा आणि अमली पदार्थांच्या टोळ्यांचा. या कामात माद्रिगाल यांचं अपहरणही झालं होतं. सुटका झाल्यावर त्या पुन्हा कामाला लागल्या.

प्रेसेनिलिन-1 या जनुकातल्या एका बदलामुळं या घराण्यांमध्ये साधारण चव्वेचाळिशीत विस्मरण सुरू होतं आणि पन्नाशीच्या आत स्मृतिभ्रंश. विस्तारलेलं कुटुंब सुमारे 6000 जणांचं, असा आनुवंशिक अल्झायमर असलेलं जगातलं सर्वांत मोठं. आजार होणार हे आधीच ठाऊक असलेली माणसं मिळाल्यामुळंच लक्षणांच्या आधीची वर्षं अभ्यासता आली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॅनच्या अभ्यासात दिसलं की वाहकांच्या मेंदूत वयाच्या 28 व्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे लक्षणांच्या जवळजवळ 16 वर्षं आधी, अमायलॉइड साचायला लागतं. वरचा माझा हिशोब या डोंगरातल्या माणसांनीच पक्का केला आहे.

पण त्याचा भार शिकाऊ संशोधकांवर काय पडतो? समोर पस्तिशीचा हसरा माणूस बसलाय, त्याला दोन लहान मुलं आहेत. त्याच्यात तो बिघाड असण्याची शक्यता निम्मी. त्यानं स्वतःचं जनुक जाणून घेतलेलं नाही. चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्राच्या मुलीलाही ते मुद्दाम सांगितलेलं नसतं, कारण तिला माहीत असेल तर तिच्या आवाजात, उत्तराची वाट पाहण्यात, गुण देण्यात ते नकळत उतरेल. तो विचारतो, ‘माझं कसं झालं?’ आणि तिला खरं तेवढंच बोलायचं असतं, खोटा धीर द्यायचा नसतो. 2013 मध्ये क्रेनेझुमॅब या औषधाची चाचणी सुरू झाली तेव्हा 252 जणांमध्ये वाहक नसलेलेही मुद्दाम घेतले आणि त्यांना औषधविरहित इंजेक्शनं दिली. चाचणीत नाव आहे म्हणजे बिघाड आहे असं गावात कुणाला कळू नये म्हणून. वर्षानुवर्षं ही माणसं दवाखान्यात येत राहिली. जून 2022 मध्ये निकाल लागला: औषधाचा स्पष्ट फायदा दिसला नाही. ते या घराण्यांना सांगायचं काम ज्यांच्यावर आलं, त्यांचं शिक्षण त्या दिवशी पूर्ण झालं असं मी म्हणेन.

लोपेरांच्या गटात विद्यार्थी असतानाच आलेल्या यकील किरोझ पुढं बोस्टनला गेल्या. होसेफ आर्बोलेदा-वेलास्केस हेही तिथलेच. दोघांनी बोस्टनमध्ये बसून आपल्याच प्रांतातल्या माणसांवरचं काम चालू ठेवलं. त्यांतून आलिरिया पिएद्राइता या बाईंची हकिकत 2019 मध्ये जगापुढं आली. त्यांच्यात तोच बिघाड होता, मेंदू अमायलॉइडनं भरलेला होता, तरी सत्तरीपर्यंत त्यांची स्मृती शाबूत होती. अपोई या दुसऱ्या जनुकाचा एक दुर्मीळ प्रकार त्यांना दोन्ही पालकांकडून मिळाला होता आणि त्यानं त्यांना तीसेक वर्षं राखलं. 2024 मध्ये त्याच प्रकाराची एकच प्रत असलेल्या 27 नातेवाइकांचा अभ्यास आला. त्यांचा आजार सुमारे पाच वर्षं उशिरा सुरू झाला होता. औषधाच्या नव्या वाटा आज यातून शोधल्या जात आहेत. लोपेरांनी 1980 च्या दशकात बेल्मिराची वाट धरली नसती, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना त्या घरांमध्ये ओळख नसती, तर हजारोंमधली ती एक बाई कुणाच्या नजरेला पडली असती? सप्टेंबर 2024 मध्ये लोपेरा गेले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले डेव्हिड आगियोन आता गट चालवतात.

भारतात 60 वर्षांपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना, म्हणजे 88 लाख जणांना, स्मृतिभ्रंश असावा असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. अशी पाहणी करायची तर आधी चाचणी नीट हवी. जगभर वापरात असलेली 30 गुणांची मिनी मेंटल परीक्षा 1975 ची, अमेरिकी. तिच्यात एक वाक्य लिहायचं असतं, छापलेली सूचना वाचून डोळे मिटायचे असतात, दोन पंचकोन उतरवायचे असतात. ज्या बाईनं जन्मात पेन्सिल धरली नाही तिला इथं गुण कमी पडणारच, आणि ते आजाराचे नसतील. 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडमध्ये मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि सहकाऱ्यांनी हिंदी चाचणी तयार केली तेव्हा त्यांनी हे बदललं: लिहायच्या वाक्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगा, वाचण्याऐवजी मी करतो तसं करा. रोजच्या कामांची प्रश्नावलीही तिथल्या जगण्यातून काढली. जेवण झाल्यावर पुन्हा जेवायला मागतात का, गावात वाट चुकते का, लग्नकार्याच्या गोष्टीत मत देतात का.

मराठी गावात बसून विचार करा. आजीला तारीख विचारली तर ती एकादशीपासून मोजून तिथी सांगेल. इंग्रजी माध्यमातून आलेला मुलगा तिथं शून्य मांडेल, आणि स्वतःचं अज्ञान तिच्या खात्यावर टाकेल. चित्रं ओळखायच्या प्रसिद्ध बोस्टन चाचणीत बीव्हर, इग्लू आणि प्रेट्झेल आहेत. मिनिटभरात प्राण्यांची नावं सांगा म्हटलं की शेतकरी आजोबा खिलारी बैल, गावरान गाय आणि पाडा असं वेगवेगळं सांगतात. ते एक धरायचे की तीन, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. शिवाय सून शेजारी बसून हळूच उत्तर पुरवते, आणि तिला न दुखावता बाहेर पाठवावं लागतं. एकत्र कुटुंबात तर म्हातारीकडून कुणी पैशाचे व्यवहार करून घेत नाही, स्वयंपाक सांगत नाही, त्यामुळं तिची घसरण वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही. खरी परीक्षा चाचणी घेणाऱ्याची असते. तीन शब्द आठवायला सांगितल्यावर आजी गप्प होते. तो गप्पपणा किती वेळ सोसायचा, शब्द सुचवायचा मोह कसा आवरायचा, हे सरावानंच येतं.

आणि अशी नीट बांधलेली चाचणी हातात असली की मोठं काही सापडू शकतं. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेत स्मृतिभ्रंशाचे 648 रुग्ण तपासले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, निरक्षरांमध्येही. तेलुगू, उर्दू, हिंदी रोज वापरणारं शहर होतं म्हणून हा प्रश्न तिथं सुचला आणि तपासता आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं पुढं बोधक्षमतेच्या चाचण्यांचा एक संच बांधला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. मराठी बोलणारे आठ कोटींवर आहेत. सोलापूर, नांदेड, बेळगाव ही तर दोन-तीन भाषांच्या सरमिसळीची गावं. मानसशास्त्र किंवा भाषाविज्ञानाच्या मराठी विद्यार्थ्याला यापेक्षा जिवंत प्रबंधविषय शोधूनही मिळणार नाही.

गोव्यानं आणखी एक वाट दाखवली. स्मृतिभ्रंशाचे दोन तृतीयांश रुग्ण गरीब आणि मध्यम देशांत, आणि संशोधनाचा दहावा हिस्साही तिथं नाही, यावरून ‘10/66’ असं नाव घेऊन 1998 मध्ये एक आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला. 2001 मध्ये विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांच्या गोव्यातल्या अभ्यासात दिसलं की लोक लक्षणं बरोबर ओळखतात, पण ती म्हातारपणाची किंवा घरच्यांच्या हेळसांडीची मानतात. मग अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देस तालुक्यांतल्या 81 कुटुंबांबरोबर काम केलं. त्यांनी शालेय शिक्षण झालेल्या, कोकणी बोलणाऱ्या स्थानिकांना थोडक्यात पण कसून प्रशिक्षण देऊन सल्लागार म्हणून या कुटुंबांकडं पाठवलं. आजार समजावणं, चिडचिड कशी हाताळायची ते दाखवणं, काळजी घेणाऱ्या बाईचं ऐकून घेणं, हे त्यांचं काम. 2008 मध्ये निष्कर्ष छापले गेले: काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण स्पष्टपणे कमी झाला. त्या सल्लागारांकडं पदव्या नव्हत्या, तरी त्यांनी केलेलं काम चाचणीच्या कसोटीला उतरलं. संशोधक कोण, याची आपली व्याख्या यानंतर रुंदावायला हवी होती. सॅन फ्रान्सिस्को आणि डब्लिन इथं 2015 पासून चालणाऱ्या ग्लोबल ब्रेन हेल्थ इन्स्टिट्यूटमध्ये ती रुंदावलेली दिसते. तिथं मेंदूतज्ज्ञांच्या शेजारी पत्रकार, कलाकार आणि अर्थतज्ज्ञ एकत्र शिकतात.

कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चनं 45 वर्षांपुढच्या 10,000 निरोगी ग्रामस्थांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याचं काम हाती घेतलं आहे. रक्त, एमआरआय, स्मृतीच्या चाचण्या, चालण्याचा वेग, सगळं ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा. आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, ओळखीवर लोक येतात. भारतात अशा अभ्यासाची किती गरज आहे हे वेगळं सांगायला नको. पण असे अभ्यास देशात कुठंही असोत, त्यांचा रोजचा गाडा ओढणारी तरुण मंडळी बहुधा कंत्राटावर असतात. अकरा महिन्यांनी कागद संपतो, मुलगी दुसरी नोकरी धरते, आणि तिच्याबरोबर तिनं कमावलेली ओळखही गावातून जाते. पुढच्या फेरीला नवा चेहरा पाहून निम्मी माणसं कामाची सबब सांगतात. फेलोशिपची रक्कम वाढवण्यापेक्षाही आधी नेमणुकीची मुदत अभ्यासाच्या मुदतीला जोडा, चाचणी घेणाऱ्यांची नावं लेखांवर घाला, आणि सोडून जाणाऱ्यानं येणाऱ्याला सोबत घेऊन प्रत्येक घरी निदान एकदा जाण्यासाठी दोन महिन्यांचा पगार अंदाजपत्रकात वेगळा ठेवा.